गच्चीवरच्या टोमॅटोंचा पास्ता पाणचट होतो, काय करावे?

कुंडीतली_बाग
नमस्कार. नाशिकला आमच्या गच्चीवर या हिवाळ्यात गावठी टोमॅटो, वांगी आणि फरसबी भरपूर आली आहे. त्यातून रात्रीच्या जेवणाला साधा पास्ता करावा आणि बाटलीतला सॉस वापरू नये, अशी इच्छा आहे. परंतु टोमॅटोला इतके पाणी सुटते की सॉस ताटलीच्या तळाशी साचतो आणि पास्ता वर कोरडाच राहतो. शिवाय तो फार आंबट लागतो. यावर उपाय सुचवावा. वांगी आणि फरसबी केव्हा घालावी, हेही सांगावे.

चूल_आणि_मूल्य
गावठी टोमॅटोचा रस हीच त्याची खरी चव आहे, म्हणून तो फेकू नये, आटवावा. चिरलेल्या फोडींना मीठ लावून त्या पाव तास चाळणीत ठेवाव्यात आणि खाली निथळलेला रस आधी पसरट भांड्यात निम्मा होईपर्यंत उकळावा. मग तेलात मंद आचेवर परतलेला कांदा-लसूण आणि फोडी त्यात घालाव्यात. कांदा अगदी मऊ होऊ दिला, तर त्याच्या गोडीने आंबटपणा आपोआप बसतो. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण लोखंडी कढईत टोमॅटोला धातूची चव येते. भांड्याच्या तळावरून चमचा ओढल्यावर त्याची रेघ क्षणभर टिकली, की सॉस तयार झाला असे समजावे.

सॉस पास्त्याला धरत नाही, याचे मोठे कारण बहुधा पास्ता उकडण्याच्या पद्धतीत असते. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम मीठ घ्यावे, पाण्यात तेल घालू नये आणि उकडलेला पास्ता गार पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्याने त्याच्यावरचा पिष्टाचा थर निघून जातो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच पास्ता उपसून सॉसमध्ये टाकावा, पळीभर उकळीचे पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर सतत हलवावे. त्या पाण्यातले पिष्ट तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव करते.

परसदार
वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त भाज्या सॉसमध्ये शिजवू नयेत, असे आग्रहाने सांगेन. वांग्याच्या फोडी वेगळ्या, मोठ्या आचेवर, भांड्यात गर्दी न करता तांबूस होईपर्यंत परताव्यात आणि वाढण्यापूर्वी मिसळाव्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. फरसबी मात्र पास्त्याच्याच पाण्यात शेवटची चार-पाच मिनिटे उकडावी. इटलीतल्या लिगुरिया भागात पेस्तो या हिरव्या चटणीच्या पास्त्यासाठी बटाटा आणि फरसबी अशीच एका पातेल्यात शिजवतात.

कुंडीतली_बाग
मनःपूर्वक आभार. पास्त्यात घालतात ती बेझिलची सुगंधी पाने माझ्याकडे नाहीत, त्याऐवजी अंगणातली तुळस चालेल का?

चूल_आणि_मूल्य
तुळशीचा लवंगेसारखा उग्र वास टोमॅटोवर मात करतो, त्यामुळे ती घालू नये. ज्या झाडाचे बी आपण फालुद्यात घालतो, ते सब्जाचे झाड बेझिलच्याच जातीचे आहे आणि कुंडीत सहज वाढते. त्याची कोवळी पाने आच बंद केल्यावर हाताने तोडून घालावीत. तोवर बारीक चिरलेली कांद्याची पात वापरावी.