जखमी सैनिकांसाठी खेळाचा गट सुरू करायचा आहे. सुरुवात कशी करावी?

पाऊलवाट:
नमस्कार. सैन्यात असताना सुरुंगाच्या स्फोटात माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, पेन्शनची कागदपत्रे हे सारे मार्गी लागल्यावरही मी कितीतरी काळ माणसांत मिसळत नव्हतो. पुढे एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहाखातर बसून खेळायच्या व्हॉलीबॉलकडे वळलो आणि हळूहळू सावरलो. अलीकडे जखमी झालेल्या सैनिकांसाठी असाच एक लहान गट उभा करावा आणि त्यांच्या हक्कांच्या कामातही त्यांना साथ द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जखमेनंतर किती काळाने एखाद्याला मैदानावर बोलवावे? ज्याची जखम मनाची आहे, किंवा ज्याला खेळाची आवडच नाही, त्याचे काय करावे? खेळ आणि हक्कांचा पाठपुरावा ही दोन्ही कामे एकाच गटाने हाती घ्यावीत का?

मीरा_फिजिओ:
आपला विचार फार मोलाचा आहे, आणि त्याला मोठी परंपराही आहे. डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांपैकी बहुतेक जण दाबव्रणांनी (सतत दाब पडून त्वचेला होणाऱ्या जखमांनी) किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकरच दगावत असत. गुटमन यांनी खेळाला करमणूक न मानता उपचाराचाच भाग मानले. 29 जुलै 1948 रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी 16 जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम त्या स्पर्धेत आहे.

किती काळाने बोलवावे, याचे उत्तर दिनदर्शिकेत सापडणार नाही. ते त्या माणसाच्या शरीरात शोधावे लागते. पाय कापलेल्या व्यक्तीचा खुंट पहिले अनेक महिने आकार बदलत राहतो, त्यामुळे आज नीट बसणारे सॉकेट (कृत्रिम पायाचा खुंटावर चढणारा भाग) काही आठवड्यांनी सैल होते, त्वचा घासली जाते, आणि एका छोट्या फोडापायी कृत्रिम पाय कित्येक दिवस बाजूला ठेवावा लागतो. सरावानंतर खुंट तपासण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना ढुंगणाखालच्या त्वचेची संवेदना बहुधा नसते. ठरावीक वेळाने शरीर उचलून दाब मोकळा करणे त्यांच्यासाठी सरावाइतकेच महत्त्वाचे आहे.

एक गोष्ट मात्र गटातील प्रत्येकाला ठाऊक असलीच पाहिजे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीचे मूत्राशय तुंबले, लघवीची नळी मुडपली किंवा पट्टा जास्त आवळला गेला, तर तिचा रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे आणि इजेच्या वरच्या भागाला घाम फुटणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्या व्यक्तीला आडवे करू नये. ताठ बसवावे, कपडे आणि पट्टे सैल करावेत, नळी तपासावी आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवावी. शिवाय अशा खेळाडूंना इजेच्या पातळीखाली घाम येत नसल्याने उन्हात त्यांचे शरीर झपाट्याने तापते. डॉक्टरांची लेखी परवानगी घेतल्याखेरीज कोणालाही सरावाला उतरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जुना_तंबू:
मी अपंग नाही. परंतु युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघातावर समुपदेशन करणाऱ्या केंद्रात काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

अशा अनेक सैनिकांना शर्यतीच्या प्रारंभी होणारा पिस्तुलाचा बार, अचानक वाजणारी शिट्टी किंवा पाठीमागची गर्दी सहन होत नाही. निशाण किंवा दिव्याने इशारा द्यावा, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी, आणि कोणी मध्येच उठून गेला तर त्याला कारण विचारू नये. ज्याला खेळायचेच नाही त्याला गुण नोंदवायला, चाकांत हवा भरायला, पट्टे बांधायला बोलवावे. अनेकांना हवे असते ते ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारे कोणीतरी, आणि पथकातून बाहेर पडल्यावर नेमके तेच हरवलेले असते.

खेळ निवडतानाही घाई नको. भारतीय सैनिक मुरलीकांत पेटकर जखमी होण्यापूर्वी मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. याउलट हंगेरीचे नेमबाज सार्जंट कारोय टाकाच यांनी आपला खेळ सोडला नाही. त्यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबाँबने निकामी झाला, तेव्हा ते डाव्या हाताने नेमबाजी शिकले आणि 1948 व 1952 अशा दोन ऑलिंपिकमध्ये विजेते ठरले. माझ्या अनुभवात नवा खेळ अधिक जणांना मानवतो, कारण तिथे पूर्वीच्या शरीराशी तुलना करता येत नाही. तरीही निर्णय त्या व्यक्तीचाच असावा. आणि पदकांच्या या कथा पहिल्याच भेटीत सांगू नयेत. रात्रभर वेदनेने जागलेल्या माणसाला त्या आधार न वाटता ओझे वाटतात.

कागदपत्रवाला:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही कामे करा, पण मैदानावर अर्जांची चर्चा करू नका. त्यासाठी वेगळा दिवस आणि शक्यतो वेगळी व्यक्ती असावी, नाहीतर खेळायला आलेला माणूस पुन्हा आपल्या प्रकरणाच्या फायलीतच अडकतो.

हक्कांच्या कामाची सुरुवात नोंदीपासून करावी. कोणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला आणि नकाराचे लेखी कारण काय होते, हे संबंधितांच्या संमतीने आणि त्यांची नावे न उघड करता टिपून ठेवावे. एकाची अडचण तक्रार म्हणून बाजूला सारली जाते. अनेकांच्या अर्जांना एकच कारण देऊन नकार मिळाल्याचे कागदावर दाखवता आले, तर नियम बदलण्याची मागणी करता येते. उदाहरणार्थ, धावण्यासाठीचे विशेष कृत्रिम अवयव आणि खेळाच्या व्हीलचेअर पुष्कळ ठिकाणी वैद्यकीय गरजेत मोजल्या जात नाहीत. हा प्रश्न एकट्याने लढवण्यासारखा नाही.

स्वतः जखमा सोसलेला माणूस या कामात काय करू शकतो, हे मॅक्स क्लेलंड यांनी दाखवले. 1968 मध्ये व्हिएतनाममध्ये त्यांनी दोन्ही पाय आणि उजवा हात गमावला. 1977 मध्ये ते अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्याच कार्यकाळात, 1979 मध्ये, माजी सैनिकांसाठी रुग्णालयांबाहेर समुपदेशन केंद्रे सुरू झाली. रुग्णालयाची पायरी चढायला जे तयार नव्हते, त्यांच्यासाठी ती दारे उघडी होती.

निधीसाठी कोणाच्याही खुंटाची किंवा अश्रूंची छायाचित्रे वापरू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

पाऊलवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीराताई, डॉक्टरांच्या परवानगीचा नमुना आणि रक्तदाबाच्या त्या धोक्याची सूचना आपण एका पानावर लिहून दिलीत, तर मी ती प्रत्येक खेळाडूच्या पिशवीत ठेवीन. पहिल्या भेटीला स्पर्धा न ठेवता फक्त चेंडू, चटया आणि दोन व्हीलचेअर ठेवण्याचे ठरवले आहे. हक्कांच्या नोंदी सांभाळायला माझ्या पथकातील एक निवृत्त कारकून तयार झाले आहेत. त्यांच्यासाठी नोंदवहीचे रकाने कोणते असावेत, हे कृपया कागदपत्रवाले यांनी कळवावे.