लघुप्रबंध: आज्यांचं सांगणं आणि कागद जुळत नाहीत, मुलाखती सोडू का?

शोधार्थी_बडोदे
नमस्कार मंडळी. एम.ए.साठी विषय घेतलाय, सयाजीरावांच्या काळात बडोद्याच्या मराठी घरांतल्या मुलींचं शिक्षण. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या आज्यांना भेटतेय. बहुतेक जणी म्हणतात, "महाराज गादीवर आले आणि लगेच शाळा सक्तीची झाली." पण गादीवर आले १८७५ मध्ये, सक्ती संस्थानातल्या अमरेलीत १८९३ला आणि राज्यभर १९०६ला. सर म्हणतात मुलाखती सोडा, शंभर प्रश्नावल्या भरून घ्या, टक्केवारी तरी निघेल. काय करू?

दफ्तरवाली
मुलाखती मुळीच सोडू नकोस गं. तारखेसाठी आजीकडे जायचंच नाही. सक्तीचं वय मुलग्यांना ७ ते १२, मुलींना ७ ते १०, पालकांना दंड, हे सरकारी कागदांत मिळतं. पण दहाव्या वर्षी शाळा सुटल्यावर ती मुलगी घरात काय वाचायची, तिला वाचू कोण द्यायचं, हे कुठल्या अहवालात सापडणार?

आता वयाचा हिशोब कर. आज ८५ वर्षांची आजी जन्मली १९४०च्या आसपास. महाराज १९३९ला गेले. म्हणजे ती स्वतःचं नाही, आईचं सांगतेय. टिपणात प्रत्येक गोष्टीपुढे लिही, पाहिलेलं की ऐकलेलं. अशा ऐकीव उत्तरांची टक्केवारी काढून हाती काहीच लागत नाही. आणि इतक्या जणींनी राज्यारोहण आणि सक्ती एकत्र जोडली असेल तर ते खोडू नकोस. बडोद्याच्या मराठी माणसाला महाराज आणि शाळा वेगळे आठवतच नाहीत, यावर अख्खं प्रकरण होईल.

मला काळजी वाटते ती वेगळीच. एक आजी दुसरीचं नाव सुचवते, मग सगळी घरं एकाच आळीतली, कारकून-वकिलांची. फौजेत, पागेत चाकरी केलेल्यांच्या घरी गेलीस का? सक्तीची खरी गरज होती ती जिथे मुलींना शाळेत घालायची रीतच नव्हती तिथे. ती घरं आली नाहीत तर शीर्षकात 'मराठी घरं' लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रंथालय_कोपरा
शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आधीचे प्रबंध बघून घ्या. रेकॉर्डिंगपूर्वी परवानगीची सही मराठी कागदावर. आणि आजी बोलता बोलता गुजराती शब्द वापरतात ते तसेच लिहा, सुधारू नका.

शोधार्थी_बडोदे
ताई, फौजेतली घरं माझ्या यादीत एकही नाही. शोधते. पण सरांना काय सांगू?

दफ्तरवाली
त्यांना प्रश्नावली दे, पण छोटी. जन्मसाल, माहेर कुठलं, वडिलांची नोकरी, आई किती शिकली, घरात आणखी कोण शिकलेलं. मुलाखतीआधी प्रत्येकीकडून भरून घे. ऐकीव गोष्ट कुठल्या घरातून आली ते त्यावरून कळेल, आणि तोच तक्ता पद्धतीच्या प्रकरणात लावता येईल. सरांचा आग्रह त्यात बसतो.