चर्चा: लॅपटॉप झोपला म्हणून पंखे का थांबावेत? फर्मवेअरमधील यूएसबी आणि सिरियल संवाद

धागालेखक, तासगाव

गेल्या हंगामात तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमध्ये मी मुक्तस्रोत फर्मवेअरवर (बोर्डाच्या चिपमध्येच बसणाऱ्या, कोड सर्वांना खुला असलेल्या प्रोग्रामवर) चालणारा नियंत्रक बोर्ड बसवला. रॅकजवळची आर्द्रता ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की पंखे सुरू करायचे, एवढेच त्याचे काम होते. शिवाय दर मिनिटाची नोंद यूएसबीवरून शेडमधल्या लॅपटॉपकडे जात असे. एका ढगाळ पहाटे मालकांचा फोन आला की पंखे रात्रभर बंद आहेत. मोटार, स्टार्टर, सेन्सर सगळे ठीक होते. लॅपटॉप मात्र स्लीपमध्ये गेला होता, आणि मी त्याचे झाकण उघडताच पंखे फिरू लागले.

कारण सापडायला दोन दिवस गेले. यूएसबीमध्ये उपकरण आपणहून बोलत नाही, संगणकाने विचारले तरच त्याला उत्तर देता येते. संगणक झोपला की विचारणा थांबते, पाठवायचा बफर (अक्षरे तात्पुरती साठवण्याची स्मृती) भरतो, आणि माझ्या फर्मवेअरमधले लेखनाचे फंक्शन बफरमध्ये मोकळी जागा मिळेपर्यंत तिथेच घुटमळत राहते, त्यामुळे पंख्यांच्या कोडची पाळी येतच नाही. अशा वेळी वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्राम अडकला की बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने, बोर्ड रिसेट करायला हवा होता. पण थांबण्याच्या त्याच लूपमध्ये वॉचडॉगचा टायमर पुन्हा पुन्हा भरण्याचा शहाणपणा मीच करून ठेवला होता.

ही सवय यूएआरटीच्या, म्हणजे एकेक बिट तारेवरून पाठवणाऱ्या साध्या सिरियल पोर्टच्या, काळातली आहे. सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगाने तारेवरून सेकंदाला ११५२० अक्षरे निघून जातात, मग पलीकडे कोणी ऐकत असो वा नसो, त्यामुळे अडलेले लेखन काही मिलिसेकंदांत सुटतेच. यूएसबीला सिरियल पोर्टचा मुखवटा चढवला की कोड तोच राहतो, पण ही हमी नाहीशी होते. म्हणून माझे मत असे आहे की लेखनाने कधीही थांबू नये, जागा नसेल तर नोंद टाकून द्यावी आणि किती नोंदी टाकल्या ते मोजावे. साध्या ओळींऐवजी अनुक्रमांक आणि सीआरसी (वाटेत झालेली चूक पकडणारा तपासणीचा आकडा) असलेली बायनरी पाकिटे कॉब्स पद्धतीने, म्हणजे पाकिटाचा शेवट शून्य बाइटाने ओळखता येईल अशी, पाठवावीत. २५४ बाइटांमागे तिचा बोजा फार तर एका बाइटाचा असतो. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा यूएसबी अनुक्रमांकही द्यावा, नाहीतर केबल दुसऱ्या भोकात घातली की विंडोजमध्ये कॉम पोर्टचा आकडा बदलतो आणि नोंदी घेणारा प्रोग्राम जुन्याच पोर्टकडे डोळे लावून बसतो.

प्रतिसाद १: पॅनेल दुरुस्ती, कुपवाड एमआयडीसी

निदान पटले, उपाय पटला नाही. मुळात शेडमध्ये यूएसबी हवेच कशाला? फुल-स्पीड यूएसबीची केबल पाच मीटरपलीकडे नेता येत नाही, आणि शेजारी पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा विद्युत स्विच) ओढला गेला की जोडणी तुटून संगणक बोर्डाला नव्याने ओळखू लागतो, हे मी कितीतरी पॅनेलांत पाहिले आहे. आरएस-४८५ ची (यूएआरटीचाच संदेश लांब नेणारी) पिळाची जोडी कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जाते. दर मिनिटाला तीस अक्षरे पाठवणाऱ्याला यूएसबीचे सेकंदाला १२ मेगाबिट घेऊन काय करायचे आहे? सेकंदाला ९६०० बिटांवर ती ओळ सुमारे ३१ मिलिसेकंदांत निघून जाते.

बायनरी पाकिटांना तर माझा ठाम विरोध आहे. रात्री दोन वाजता, टॉर्च दातांत धरून, दुसऱ्याच कोणीतरी बसवलेल्या बोर्डाला लॅपटॉप लावल्यावर मला टर्मिनलमध्ये ‘आर्द्रता ६१, पंखा चालू’ असे वाचता आले पाहिजे. तिथे कचरा दिसला आणि त्याचा उलगडा करणारा प्रोग्राम लिहिणारा माणूस पुण्याला नोकरीला निघून गेलेला असला, तर मुक्तस्रोताचा मला उपयोग काय?

प्रतिसाद २: इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक, सातारा

कुपवाडकरांनी यूएआरटीला फारच निर्दोष ठरवले आहे. आर्डुइनो युनोवर येणाऱ्या अक्षरांसाठी ६४ बाइटांचा बफर असतो आणि ११५२०० वर तो साडेपाच मिलिसेकंदांत भरतो. आमचे विद्यार्थी डीएस१८बी२० या तापमान सेन्सरकडून १२ बिटांचे तापमान घेताना ७५० मिलिसेकंद नुसते थांबून राहतात, आणि तेवढ्या वेळात आलेली जादा अक्षरे गुपचूप टाकून दिली जातात. कुठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही.

ओळ वाचनीय ठेवूनही ती तपासता येते. जीपीएस मॉड्यूल ज्या ठरलेल्या साच्यात माहिती पाठवते ती एनएमईए वाक्ये पाहा: डॉलर चिन्हाने सुरुवात, शेवटी तारांकन आणि दोन षोडशमान अंकांचा तपासणी-आकडा. ती ओळ माणूसही वाचतो आणि यंत्रही.

प्रतिसाद ३: पॅनेल दुरुस्ती, कुपवाड एमआयडीसी

हे मान्य, पण तपासणी ती नको. एनएमईएची तपासणी म्हणजे नुसता एक्सॉर (बिटे सारखी असली तर ०, वेगळी असली तर १) असतो. दोन अक्षरांतील एकाच स्थानाचे बिट उलटले की चूक चुकीला खाते आणि ओळ बरोबर ठरते. सीआरसी-१६ काढून शेवटी चार अंक लिहा.

नोंदी टाकून देण्याबद्दल मात्र मी अजून भांडणार आहे. टाकायची कोणती, जुनी की नवी? पंख्याला ताजे वाचन लागते, पण माल काळा पडला आणि मालक हिशेब विचारायला आला, तर रात्रीची जुनी नोंदच लागते.

धागालेखक, तासगाव

बायनरी पाकिटांचा आग्रह सोडतो. ओळ आणि तिच्याअखेर सीआरसी, हे ठरले. जुन्या नोंदींचा प्रश्नही वाटतो तितका बिकट नाही. तीस अक्षरांप्रमाणे दिवसाच्या १४४० ओळी म्हणजे ४३,२०० बाइट होतात, आणि पिको बोर्डावरील आरपी२०४० चिपमध्ये २६४ किलोबाइट रॅम आहे. अख्खी रात्र रॅममध्ये ठेवून लॅपटॉप जागा झाल्यावर पाठवता येईल.

प्रतिसाद ४: पॅनेल दुरुस्ती, कुपवाड एमआयडीसी

आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते, हे तासगावात राहून विसरलात? वीज गेली की रॅम कोरी. फ्लॅशमध्येच, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहावे लागेल.

धागालेखक, तासगाव

आता गंमत पाहा. पिकोवर फ्लॅशचा ४०९६ बाइटांचा एक भाग पुसायला कित्येक मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा कोड व त्याचे इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरे काम करायला लावणारे हार्डवेअरचे इशारे) बंद ठेवावे लागतात. या अवधीत यूएआरटीवर अक्षरे येत राहिली, तर ३२ बाइटांचा फिफो (आलेली अक्षरे क्रमाने साठवणारी हार्डवेअरची रांग) ११५२०० वर २.८ मिलिसेकंदांत भरून वाहू लागतो. यूएसबीचे तसे होत नाही. बोर्डाकडे जागा नसली की तिथले हार्डवेअरच संगणकाला नकार कळवते आणि संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवतो. म्हणजे तुम्ही सुचवलेल्या फ्लॅशमुळेच यूएसबीची बाजू भक्कम झाली.

प्रतिसाद ५: पॅनेल दुरुस्ती, कुपवाड एमआयडीसी

लॅपटॉपच्या बाजूने ते खरे. पण सेन्सरांच्या मॉडबसवर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या ठरलेल्या सिरियल पद्धतीवर, प्रश्न विचारणारा मास्टर तुमचाच बोर्ड आहे. त्याने विचारल्याशिवाय त्या तारेवर कोणी ब्र काढत नाही. उत्तर पूर्ण येऊ द्या, मगच फ्लॅश पुसा, आणि पुसून होईपर्यंत पुढचा प्रश्न विचारू नका. आणि तेवढी वॉचडॉगची ओळ त्या लूपमधून आजच काढा.