आयफेल टॉवर विकणाऱ्याला टाळ्या, घेणाऱ्याला हसू?

पाऊलखुणा
१९६४ सालचा एक जुना फ्रेंच सिनेमा परवा पुन्हा पाहिला. नावाचा अर्थ 'जगातल्या सर्वांत सुंदर ठकबाज्या'. पाच शहरांतल्या फसवणुकीच्या पाच छोट्या गोष्टी, प्रत्येकीचा दिग्दर्शक वेगळा. टोकियोची गोष्ट होरिकावाची, नेपल्सची ग्रेगोरेत्तीची, पॅरिसची शाब्रोलची, अ‍ॅमस्टरडॅमची पोलान्स्कीची आणि मराकेशची गोदारची. पाचही गोष्टी एकत्र सापडणं मुश्कीलच. गोदारचा भाग मूळ प्रदर्शनाच्या वेळी गाळला होता आणि पोलान्स्कीचा त्याच्याच विनंतीवरून अलीकडच्या डिस्कवरून काढलाय.

मला खटकतो तो नावातला 'सुंदर' हा शब्द. पॅरिसच्या गोष्टीत नट झाँ-पिएर कासेल आयफेल टॉवर विकतो. तो देखणा, चटपटीत. फ्रान्सिस ब्लांशनं रंगवलेलं गिऱ्हाईक मात्र निव्वळ हसण्यासाठी. यामागची खरी घटना १९२५ची. व्हिक्टर लुस्तिग नावाच्या भामट्यानं टपाल-तार खात्याचा अधिकारी असल्याचं सोंग घेतलं आणि भंगारच्या बड्या व्यापाऱ्यांना क्रियाँ हॉटेलात बोलावलं. टॉवरची देखभाल सरकारला परवडत नाही, तो मोडीत काढायचाय, पण बोभाटा नको, असं सांगितलं. पटण्यासारखंच होतं ते. १८८९च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या त्या टॉवरला मुळात वीसच वर्षांची परवानगी होती. एका व्यापाऱ्यानं पैसे मोजले आणि फसल्याचं कळल्यावर लाजेनं पोलिसांत गेलाच नाही. त्या गप्प बसण्याच्या जोरावर लुस्तिगनं पुन्हा तोच टॉवर विकायला काढला.

माझ्या मते खरी गोष्ट त्या लाजेत आहे. ठकाची हुशारी पाहून टाळ्या वाजवणारे आपण त्याचं अर्धं काम करतो.

रीळवाला
अजिबात पटलं नाही. तुम्ही निम्मीच हकीकत सांगितलीत. लुस्तिगनं त्या व्यापाऱ्याकडे वर लाचही मागितली, असं सांगतात, आणि तिथेच त्याची शंका फिटली. लाच मागतोय म्हणजे नक्कीच सरकारी माणूस! आडमार्गानं मोठं घबाड मिळतंय म्हणून जो खिसा उघडतो, त्याला निरागस कसं म्हणायचं? ठकाची गोष्ट गिऱ्हाइकाच्या मनातली हाव उघडी करते, म्हणून आपण हसतो. हसू त्या हावेला असतं.

आणि नेपल्सची गोष्ट तुम्ही सोडूनच दिलीत. इटलीत १९५८च्या कायद्यानं कुंटणखाने बंद झाले, बायका रस्त्यावर आल्या. पोलीस त्यांना तडीपार करून मूळ गावी धाडायचे. यावर तोड काय, तर आश्रमातल्या म्हाताऱ्यांशी त्यांची लग्नं लावायची, म्हणजे बाई कागदोपत्री नेपल्सची रहिवासी. इथे टोपी कुणाला घातली? कायद्याला. मला त्यात कुणाचा बळी दिसत नाही.

तळ्यातमळ्यात
नेपल्सच्या युक्तीत कमाई शेवटी दलालांचीच होते ना? बाई आधी पोलिसांच्या ताब्यात, मग यांच्या.
टोकियोबद्दल एवढंच, की म्हाताऱ्याच्या कवळीवर डोळा ठेवणारी ती बारमधली मुलगी मला अजून विसरता येत नाही.

सांगलीकर
रीळवाला, 'हाव' हा शब्द फार सहज लिहिलात. माझे वडील निवृत्त झाले त्या वर्षी आमच्याच गल्लीतला एक माणूस साखळी योजना घेऊन आला. पहिल्या महिन्याचा हप्ता द्यायला स्वतः आला, सोबत पेढ्यांचा पुडा. वडिलांनी त्याच्या भरवशावर माझ्या आत्याच्या यजमानांनाही योजनेत घातलं. सातव्या महिन्यात त्याच्या दाराला कुलूप. वडिलांनी पावत्या लोखंडी पेटीत, आईच्या शालूखाली ठेवल्या. तक्रार केली नाही. केली असती तर भावजींना आपण गोवलं हे चारचौघांत वाचून दाखवलं गेलं असतं. त्यांना लोभी म्हणायचं असेल तर म्हणा. त्यांना मुलीच्या लग्नाला कर्ज काढायचं नव्हतं, इतकंच.

रीळवाला
वाईट वाटलं वाचून. तुमच्या वडिलांना मी ते लावत नाही, लावणारही नाही. तरी मुद्दा सोडत नाही. प्रत्येक सिनेमानं फसलेल्याच्याच बाजूनं उभं राहावं असा आग्रह धरला, तर ठक कसा बोलतो, विश्वास कसा बसवतो हे दाखवणार कोण? तुमच्याकडे पेढे घेऊन आला होता तसाच माणूस पडद्यावर गोड दिसला, तर पुढच्या वेळी कुणीतरी पुडा परत पाठवेल. तो कुरूप दाखवला तर कुणीच ओळखणार नाही.

तळ्यातमळ्यात
यात मला रीळवाला पटतात. पण तुम्ही दोघंही मराकेश पाहा. जीन सीबर्ग कॅमेरा घेऊन आलेली अमेरिकन वार्ताहर, पट्रिशिया. तिच्याकडून खोटी नोट खपते आणि पोलीस तिला पकडतात. पुढे तिला तो माणूस सापडतो, शार्ल दॅनेर, जो खोट्या नोटा गरिबांना वाटत फिरतो. ती त्याचं चित्रण करते, तर तो तिलाच विचारतो की तू तरी वेगळं काय करतेस? माझ्याकडून घेतेस आणि दुसऱ्यांना देतेस. गोदारनं इथे ठक आणि कलावंत एका रांगेत बसवलेत. हसू नाही, टाळ्या नाहीत. पाऊलखुणा, तुम्हाला हवा होता तो सिनेमा हाच आहे.

पाऊलखुणा
नाही, तोही नाही. तो प्रश्न मलाही आवडला, पण त्यात एक माणूस राहून गेला. पट्रिशिया परदेशी, हातात कॅमेरा, तरी तिला ठाण्यात जावं लागलं. मग तीच नोट घेऊन जो भिकारी पाव आणायला जाईल, त्याचं काय होईल? दुकानदार नोट उजेडात धरेल, मनगट पकडेल, आणि 'एका भल्या माणसानं दिली' हे त्याचं कुणीही खरं मानणार नाही. दॅनेरच्या त्या दानाची किंमत तो भिकारी मोजतो, आणि कॅमेरा मात्र दॅनेरच्या चेहऱ्यावर.

सांगलीकर, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. वडील आता बोलतात का त्याबद्दल?

सांगलीकर
नाही. आत्याकडे दिवाळीला जायचे, ते तेव्हापासून बंद केलं. भावजींनी आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. पेटी आहे तशीच आहे.