स्वस्तातली बिडाची ऐरण आणि सेलमधली अवजारं घ्यावीत का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यात आमची ऊस आणि भाजीपाल्याची शेती आहे. गावातल्या लोहारकाकांचं आता वय झालं, भट्टी बंद आहे आणि मुलं पुण्याकडे नोकरीला. खुरपी, विळे, कोयते शेवटून (तापवून, ठोकून नवी धार काढून) घ्यायचे तर तालुक्याच्या गावी जाऊन वाट बघत बसावं लागतं. ऐन भांगलणीत बायकांच्या हातात बोथट खुरपी द्यायची म्हणजे त्यांच्या मनगटाचे हाल, आणि तणही मुळासकट निघत नाही. म्हणून गोठ्याशेजारच्या शेडात छोटी भट्टी घालायचं ठरवलं आहे. आपली आणि आसपासच्या वस्त्यांची कामं झाली तरी पुष्कळ. काका शिकवायला तयार आहेत. त्यांची ऐरण मात्र मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. ती त्यांच्या आजोबांची आहे, अजून खंडेनवमीला तिची पूजा होते.

अडचण खरेदीची आहे. ऑनलाइन २० किलोची ऐरण दिसते. शिंगाची (म्हणजे एका बाजूला निमुळतं गोल टोक असलेली), निळा रंग दिलेली, दिसायला झकास. वर्णनात ‘कास्ट आयर्न’, म्हणजे बीड, लिहिलं आहे. भंगारवाल्याकडे ऐरण म्हणून चालेल असा रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे, पण पावती देणार नाही म्हणतो. शिवाय गावच्या मैदानात अवजारांचा सेल लागला आहे. हातोडे, सांडशी, छिन्न्या, ग्राइंडर, व्हाइस, सगळं निम्म्या भावात. तिथला एक हातोडा हातात घेऊन बघितला तर दांड्यातली पाचर बोटाने हलत होती, आणि तोंडावर रंगाखाली ओतकामाचा सांधा स्पष्ट दिसत होता. सांडशी बंद केली तरी तिच्या जबड्यांत फट राहत होती.

बजेट बेताचं आहे, पण एकदा घेतलेलं पुन्हा घ्यायला लागू नये. यातलं काय स्वस्तात घेतलं तर चालेल आणि कशाला हात लावू नये? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १ (पुणे)

दादा, ती निळी ऐरण घेऊ नका. मी चाकू बनवायच्या हौसेपोटी तशीच एक घेतली होती. पहिल्या महिन्यातच कडेचा टवका उडाला, नशिबाने डोळ्याला चष्मा होता. वरच्या तोंडावर हातोड्याचे खड्डे पडले आणि ते खड्डे प्रत्येक पात्यावर उमटायला लागले. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, कधीकधी चांगली ऐरण मिळून जाते. भाव मात्र हौशी लोकांनी चढवून ठेवलेत.

प्रतिसाद २ (सातारा)

आमच्या घरात चार पिढ्या लोहारकाम. शिंगाची ऐरणच पाहिजे हे डोक्यातून काढून टाका. शिंग नाल वाकवायला, गोल कडी करायला लागतं. खुरपं, विळा, कोयता, कुदळ, पहार यांना लागतो सपाट, कठीण, जड ठोकळा. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी बघा. त्यांची ऐरण म्हणजे जमिनीत रोवलेला पोलादाचा लहानसा ठोकळा. त्यावर नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते, आणि तासाभरात कोयता तयार होतो. त्या ठोकळ्यावर राज्यभरातल्या शेतकऱ्यांची अवजारं घडली आहेत.

वजनापेक्षा बसवणी महत्त्वाची. बाभळीचा जाड ओंडका हात-दीड हात जमिनीत पुरायचा, भोवती मुरूम ठोकून बसवायचा, वर ऐरण अशी जखडायची की तसूभर हलता कामा नये. हलणारी ऐरण तुमच्या हातातली निम्मी ताकद खाऊन टाकते. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ ऐरणीच्या तोंडाला टेकली पाहिजे. जास्त उंच झाली तर खांदा जातो, खाली झाली तर कंबर.

अवजारांचं म्हणाल तर हातोडा एकच घ्या, पण चांगला घ्या. ८०० ग्रॅम ते एक किलोचा पुरे. सांडशी काका तुम्हाला १२ मिलिमीटरच्या गजातून करायला लावतील. तोच शिकायचा पहिला धडा असतो, त्यामुळे ती विकत घेऊच नका. छिन्नी, पंच जुन्या गाडीच्या स्प्रिंगमधून होतात. कोयत्याला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

माझी उमेदीची वर्षं शिरोलीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) गेली, म्हणून बिडाविषयी थोडं लिहितो. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, बहुतेक वेळा तीन-साडेतीन असतो, आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. मशीनच्या पायाला, पंपाच्या बॉडीला हे उत्तम, कारण ते कंपन शोषून घेतं. ऐरणीला नेमकं उलटं हवं. हातोडा उसळून परत वर यायला पाहिजे. बिडाची ऐरण घाव गिळते, आणि पापुद्र्यांपाशीच तडकते. तुमच्या पुण्याच्या मित्राचा टवका तसाच उडाला असणार.

विकणारा ‘कास्ट’ म्हणाला तर पुढचा शब्द विचारा. कास्ट स्टील (ओतीव पोलाद) असेल आणि तोंडाला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं असेल तर ऐरण चांगली. एसजी आयर्नचीही (ज्यात ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतो अशा बिडाची) काम निभावून नेते. साधं ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे वर सांगितलेलं पापुद्र्यांचं बीड असेल तर सरळ नाही म्हणा.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बेअरिंगचा मोठा छर्रा फूटभर उंचीवरून तोंडावर सोडा. चांगल्या पोलादावर तो दोन तृतीयांशाच्या वर उसळतो. निम्म्याच्याही खाली राहिला तर ऐरण परत ठेवा. कानस हलक्या हाताने चालवून बघा. कठीण तोंडावर ती घसरते, मऊ असेल तर चावते. ऐरणीच्या पोटाला ग्राइंडर टेकवू दिला तर ठिणग्या बघा. बिडाच्या आखूड, तांबूस. पोलादाच्या लांब, उजळ. ड्रिल मारलं तर बिडाचा काळा चुरा निघतो, पोलादाच्या कुरळ्या निघतात. आवाजावर एकट्याने विसंबू नका. खणखणीत नाद चांगला, पण बिडाच्या अंगावर पोलादी तोंड बसवलेल्या काही चांगल्या ऐरणी जवळजवळ मुक्या असतात.

रुळाबद्दल कळकळीने सांगतो. पोलाद म्हणून रूळ फार छान, कार्बन साधारण ०.६ ते ०.८ टक्के. मीटरला ५२ किलो भरणाऱ्या रुळाचा ४० सेंटिमीटरचा तुकडा २१ किलोच्या आसपास भरतो, आणि आडवा न ठेवता उभा रोवला तर सगळं वजन घावाखाली येतं. पण पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर ताब्याचा १९६६ चा कायदा आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हालाच दाखवावं लागतं. भंगारवाला त्या दिवशी ओळख देणार नाही.

तुमच्या भागात साखर कारखाने आहेत. दुरुस्तीत निघालेले शाफ्ट (यंत्रातले फिरते जाड दांडे) लिलावात जातात. त्यातला तुकडा बघा. एकच काळजी घ्या, उसाच्या मिलच्या रोलरचं कवच बिडाचं असतं, आतला शाफ्ट घडीव पोलादाचा. आपल्याला शाफ्ट हवा. १५ सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर उंचीचा तुकडा ४१ किलोच्या पुढे भरतो. हातोड्याच्या पन्नासपट ऐरण असावी असा एक ठोकताळा आहे, त्यात ८०० ग्रॅमचा हातोडा बरोबर बसतो.

प्रतिसाद ४ (ओहायो, अमेरिका)

थोडं वेगळं मत मांडतो. इथेही स्वस्त अवजारांची मोठी दुकानं आहेत आणि बिडाच्या ऐरणीबद्दल इथले लोहारही हेच सांगतात. पण सगळंच महाग घ्यायची गरज नाही. क्लॅम्प, तारेचा ब्रश, मोजपट्टी, कोळसा ओढायचं फावडं, भट्टीचा छोटा ब्लोअर, हे सेलमधलं घ्या. जे वापरून वापरून मोडेल, ते पुढच्या वेळी चांगलं घ्या. मग पैसे खऱ्या गरजेवर जातात.

अपवाद ग्राइंडरचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्याची चकती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. मशीन गार्डसकट, नामांकित कंपनीचं घ्या. चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे का बघा, आणि मधल्या धातूच्या कड्यावरची मुदतही बघा. सेलमध्ये मुदत संपलेल्या चकत्या सर्रास असतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑनलाइनवाल्याला विचारलं, तो ‘कास्ट’च्या पुढे काही बोलेना. तो विषय संपला. रूळही सोडला. कारखान्याचं भंगार घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे शाफ्टचे तुकडे आहेत, पावती देतो म्हणाला. छर्रा घेऊन जाऊन आलो. निम्म्याच्या बराच वर उसळतो, पण कानस थोडी चावते. काका म्हणाले, ‘तापल्या लोखंडाला एवढं पुरे, थंड्यावर घाव घालू नको म्हणजे झालं.’ हे बरोबर आहे का? आणि तुकडा गॅसने कापून घेऊ की करवतीने?

प्रतिसाद ५ (कोल्हापूर)

काका बरोबर सांगतात. लाल लोखंड त्या शाफ्टपेक्षा कितीतरी मऊ असतं, खड्डा पडतो तो चुकलेल्या घावाने. वर्षातून एकदा तोंड घासून घेतलं की झालं.

कापणं करवतीनेच. एमआयडीसीत बँडसॉवाल्याकडे न्या. गॅसने तोंड वेडंवाकडं होतं आणि कडेला कुठे कडक, कुठे मऊ असे पट्टे राहतात. दोन्ही तोंडं समांतर करून मागा, नाहीतर ओंडक्यावर डुगडुगेल. वरची कड ग्राइंडरने तीनेक मिलिमीटर गोल करा, म्हणजे खुरप्याला चीर पडणार नाही. एका बाजूला चार बोटं जागा मात्र तीक्ष्ण ठेवा, काटकोनात वाकवायला लागेल. व्यापाऱ्याकडून पावतीवर ‘शाफ्टचा तुकडा’ असं वजनासकट लिहून घ्या.