पंचगंगा नदी घाटावर नाही, प्रयाग चिखलीला तयार होते
कुणीतरी लिहिलंय की कोल्हापूरचा पंचगंगा घाट लई देखणा, आणि ज्यांची मिळून पंचगंगा होते त्या पाची नद्या त्या घाटावरच मिळतात, तसं नाही ओ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चौघींचं पाणी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावाला एक होतं, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि घाट त्या संगमाच्या खालच्या अंगाला. बाकी घाटाच्या देखणेपणाबद्दल एकदम सहमत.

पण राधानगरी धरणाचं कुणीच कसं लिहिलं नाही? शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं ते धरण, त्याचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न "किती दारं उघडली?" आणि लगेच दुसरा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा, ३९ फूट म्हणजे पुराचा इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या बारक्या पोरांनाबी पाठ असतंय.