मदत हवी आहे: सौदीतून आउटपासवर (वकिलातीचा तात्पुरता प्रवासाचा कागद) परत, आता एसीचं काम कसं सुरू करावं?

खेडकर_७२: मेव्हणा (३४, दहावी नापास) रियाधच्या तरहीलमधून (हद्दपारी केंद्र) परत आलाय. कफीलने (तिथला मालक) हुरूब लावला, म्हणजे कामावरून पळाल्याची तक्रार केली, पासपोर्ट त्याच्याकडेच राहिला. आठ वर्षं स्प्लिट एसीचं काम, पण सर्टिफिकेट एकही नाही. ३ महिन्यांचा पगार बुडाला. एजंट म्हणतो, नवा पासपोर्ट काढ, पुन्हा पाठवतो. जाणकारांनी सांगावं.

दाभोळखाडी: एजंटला लांबूनच नमस्कार. तरहीलमध्ये बोटांचे ठसे घेतात. पासपोर्ट नवा असला तरी सौदीच्या विमानतळावर बोट टेकवलं की जुनी नोंद उघडते. दुसऱ्या देशासाठीही ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीचं सरकारी पोर्टल) एजंटची नोंदणी बघा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. जुनं सिम बंद पडून दुसऱ्याला गेलेलं असतं, आधारचा ओटीपी येत नाही, मग बँक, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) सगळंच अडतं. आधार केंद्रात ठशावर नंबर बदलून मिळतो, कागद लागत नाहीत.

मग पासपोर्ट. फॉर्ममध्ये 'इमर्जन्सी सर्टिफिकेटवर (म्हणजेच आउटपासवर) परतलात का, डिपोर्ट झालात का' असं सरळ विचारलेलं असतं. 'हो' लिहा, लपवलं तर दंड. आउटपासचा नंबर, तारीख लागते आणि मूळ कागद विमानतळावरच काढून घेतात. फोटो आहे का?

गेजवाला: इथे आता इन्व्हर्टर एसी, बहुतेक आर-३२. हा गॅस पेट घेऊ शकतो. ब्रेझिंगआधी (ज्वाळेने नळ्या जोडण्याआधी) लाइन पूर्ण रिकामी करायची. गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालू द्यावा. बरेच जण नुसता गॅस सोडून हवा काढतात, ओल आत राहते आणि कॉम्प्रेसर जातो. शिव्या मात्र खाऱ्या हवेला.

पीसीबी (एसीचा सर्किट बोर्ड) जमत नसेल तर पहिले सहा महिने सर्व्हिस सेंटरला काढा, लगेच दुकान नको. रत्नागिरीच्या कौशल्य विकास, रोजगार केंद्रात आरपीएलची (आधीच्या कौशल्याला मान्यता) चौकशी करा; हातात असलेल्या कामाचीच परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. जूनला एसीचे फोन थांबतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हर्णै बंदराकडचे मासळीचे डीप फ्रीझर रिकामे. गास्केट (दाराचं रबर), कंडेन्सरची कामं तेव्हा मागून घ्या.

खेडकर_७२: फोटो आहे! पगाराचं काय? आणि धंद्यासाठी पीएमईजीपी (सरकारी अनुदानाची कर्ज योजना)?

दाभोळखाडी: परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर इकामा (सौदीचा निवास परवाना) नंबर, कंपनीचं नाव, कराराची प्रत टाकून तक्रार करा. हुरूबमुळे दावा लंगडा आहे, तरी करा.

पीएमईजीपीत ग्रामीण सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के अनुदान, स्वतःचे १० टक्के. पण अनुदान हातात येत नाही, ३ वर्षं बँकेतच अडकून असतं. त्याच्या भरवशावर पंप-गेज उधारीवर उचलू नका.